डाव्या मुठीची स्प्रिंग

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये पहाटे मैदानावर थोडा वेळ बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. धावण्याच्या फेऱ्या होतात, बीमवर लटकून होतं, सगळे घाम पुसत टेकतात आणि कोणाच्या तरी खिशातून हँड ग्रिपर बाहेर येतो. मग गप्पा मारता मारता तो हातोहात फिरतो. धुळ्याला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 6 आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या गावोगावी वर्दीची ओढ आहे. त्यामुळे खान्देशात ग्रिपर टेबलावर शोभेला ठेवायची वस्तू उरलेली नाही. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत बीमवर दहा पुल-अप पूर्ण केले तर 40 गुण मिळतात. नवव्या-दहाव्या पुल-अपला पाठ आणि दंड अनेकदा शाबूत असतात, सुटते ती मूठ. उजवखुऱ्यांची तर बहुधा डावी मूठ आधी सुटते.

अशा मुलांची तक्रार ठरलेली असते. उजव्या हातात ग्रिपर पूर्ण मिटतो, दांड्या एकमेकींवर टक्‌कन आपटतात. तोच ग्रिपर डाव्यात घेतला की शेवटची बोटभर फट मिटता मिटत नाही. व्यायामशाळेतलं उत्तरही ठरलेलं: डावा कच्चा आहे, त्याला जास्त मार. हे उत्तर अर्धंच खरं आहे. डावा हात थोडा कमजोर असतो, हे बरोबर. पण उरलेला दोष हाताच्या माथी मारण्याआधी ग्रिपर नीट पाहायला हवा, कारण वेटोळ्याच्या स्प्रिंगचा ग्रिपर दोन्ही हातांना सारखा नसतो. तो सारखा असूच शकत नाही.

हे पटायला प्रयोगशाळा लागत नाही, आरसा पुरतो. उजव्या हातात ग्रिपर धरून आरशासमोर उभे राहा. आरशात एक डावा हात दिसेल आणि त्याच्या मुठीत एक ग्रिपर दिसेल. आता आरशातल्या स्प्रिंगकडे निरखून पाहा. हातातल्या ग्रिपरची तार ज्या दिशेने वेटोळे घेत पुढे सरकते, त्याच्या उलट दिशेने आरशातली तार सरकते आहे. म्हणजे तुमच्या डाव्या हाताला उजव्यासारखाच अनुभव हवा असेल तर त्याला तो आरशातला ग्रिपर लागेल. दुकानातून आणलेला ग्रिपर आडवा, उभा, पालथा, कसाही फिरवला तरी त्याचं आरशातल्या ग्रिपरमध्ये रूपांतर होत नाही. स्क्रूचे आटे जसे स्क्रू उलटा धरला तरी उलटे होत नाहीत, तसंच हे आहे.

एवढ्याशा वेटोळ्याने काय बिघडतं, हे कळायला ग्रिपर टेबलावर आडवा ठेवा. स्प्रिंग पलीकडे, दांड्या आपल्याकडे. डोळे टेबलाच्या पातळीला आणून पाहिलं की दिसतं: दोन दांड्या एकाच पातळीत नाहीत. एक किंचित वर आहे, दुसरी किंचित खाली. तार वेटोळ्याच्या एका टोकाने आत शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, म्हणून असं होतं. तार 5 मिलिमीटर जाड असेल आणि वेटोळे अडीच असतील, तर दोन्ही पाय सरळ ठेवल्यास त्यांच्यात साडेबारा मिलिमीटरची सरक पडते. आता ग्रिपर पालथा करा. उजवीकडची दांडी वर असेल, तर पालथा केल्यावरही उजवीकडचीच वर राहील. काही कारखानदार ही सरक झाकण्यासाठी एक पाय वेटोळ्यापाशी थोडा वाकवतात आणि दोन्ही दांड्या एका रेषेत आणायचा प्रयत्न करतात. त्याने फरक कमी होतो, पण पीळ राहतोच. शिवाय वाकवलेला पाय तळहाताकडे घ्यायचा की बोटांकडे, असा नवा प्रश्न उभा राहतो. अशा ग्रिपरला दोन्ही बाजूंनी धरून पाहावं. दोन्हींत पकड वेगळी लागते, आणि उजव्याला जी बाजू बरी वाटते तीच डाव्याला बरी वाटेल असं नाही.

ही सरक मुठीत काय करते? ग्रिपरची एक दांडी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर टेकते, दुसरी चार बोटांच्या पेरांत बसते. सरक एका हातात बोटांकडच्या दांडीला मुठीच्या आत ढकलते, दुसऱ्या हातात तीच दांडी बोटांच्या टोकांकडे सरकते. दांडी मधल्या पेरात बसली तर बोटं तिच्यावर वळून घट्ट आवळतात. ती टोकाच्या पेराकडे गेली तर बोटांना नुसत्या टोकांनी ओढावं लागतं. याचा सगळ्यांत मोठा फटका करंगळीला बसतो, कारण ती आधीच आखूड. आणि करंगळीचा वाटा आपण समजतो त्याहून फार मोठा आहे.

इथे थोडं तरफेचं गणित. ग्रिपरची बिजागरी वर, म्हणजे तर्जनीपाशी असते. तर्जनी वेटोळ्यापासून चार सेंटिमीटरवर आणि करंगळी दहा सेंटिमीटरवर धरू. तेवढाच पीळ द्यायला तर्जनीला एकटीने करंगळीच्या अडीचपट जोर लावावा लागेल. तरफेच्या सोयीच्या टोकाला सगळ्यांत दुबळं बोट बसलेलं असतं, आणि त्या टोकाला दांडीचा प्रवासही सर्वांत लांब असतो. शेवटची बोटभर फट मिटवताना अनामिका आणि करंगळी हीच निर्णायक बोटं ठरतात. डाव्या हातात दांडी जेमतेम करंगळीच्या टोकाला टेकत असेल तर हात कितीही तयार असो, ती फट उरणारच. ग्रिपर उलटा, म्हणजे स्प्रिंग खाली घालून धरला तर हा भार तर्जनीकडे जातो. तो वेगळा व्यायाम आहे, तोही करावा. पण सरक त्यानेही जात नाही.

मग पाकिटावरच्या किलोच्या आकड्याचं काय? तो आकडा कोणत्या हाताचा, असा प्रश्नच नसतो. मापायची चांगली रीत अशी: एक दांडी व्हाइसमध्ये आवळायची, दुसरीच्या टोकापाशी पट्टा अडकवून वजनं टांगत जायचं, आणि दोन्ही दांड्या एकमेकींना टेकतील तेवढं वजन म्हणजे त्या ग्रिपरचा जोर. एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात व्हाइस आणि जिममधल्या चार वजनाच्या प्लेटा असल्या की हे कोणालाही करता येतं, फक्त टांगलेल्या वजनाखाली पाय ठेवू नये. माझं मत असं की प्रत्येक व्यायामशाळेने आपले ग्रिपर एकदा असे तोलून त्यांच्यावर रंगाने आकडा लिहावा. कारण स्वस्त मालात तारेची जाडी केसभर बदलली तरी जोर खूप बदलतो: स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून 4 मिलिमीटरऐवजी 5 मिलिमीटरची तार वापरली तर ग्रिपर जवळजवळ अडीचपट कडक होतो. अमेरिकेतल्या आयर्नमाइंड कंपनीचे 'कॅप्टन्स ऑफ क्रश' ग्रिपर या छंदात मापदंड मानले जातात. त्यांत एक नंबर 140 पौंडांचा, दोन नंबर 195 चा, तीन नंबर 280 चा आणि चार नंबर 365 पौंडांचा आहे, म्हणजे साधारण 64 किलोंपासून 166 किलोंपर्यंत. हातात घेतले तर चारही ग्रिपर दिसायला सारखेच वाटतात.

पण व्हाइसला बोटं नसतात. व्हाइसमधला आकडा स्प्रिंगचा जोर सांगतो, तो जोर डाव्या तळहातात कुठे टोचतो आणि कोणत्या पेरावर पडतो ते सांगत नाही. म्हणून एकच ग्रिपर, एकच आकडा आणि दोन हातांना दोन अनुभव, हे शक्य आहे.

हा प्रश्न स्प्रिंगच्या ग्रिपरांत पहिल्यापासून नव्हता. युजेन सँडो या जर्मन मल्लाचं नाव आपल्याकडे जुन्या पिढीला ठाऊक होतं. 1904-05 च्या दौऱ्यात तो हिंदुस्थानात येऊन गेला, मुंबईतही त्याचे खेळ झाले, आणि त्यानंतर ताकदवान माणसाला सँडो म्हणायची पद्धत पडली. बनियनलाही आपण त्याचंच नाव दिलं. या सँडोने विकलेलं एक साधन होतं स्प्रिंगचं डंबेल. डंबेल उभं चिरून दोन भाग केलेले, मध्ये छोट्या छोट्या पोलादी स्प्रिंगा, आणि व्यायाम करताना मूठ आवळून ते दोन भाग जवळ आणून धरायचे. स्प्रिंगांची संख्या कमी-जास्त करून जोर बदलता येई. या रचनेत दोन्ही भाग समांतर सरकतात, मध्ये बिजागरी नाही, म्हणून चारही बोटांना सारखाच प्रवास. डावा-उजवा भेदही जवळपास नाही. पुढे वेटोळ्याचा ग्रिपर आला. तो स्वस्त, तीन तुकड्यांचा, न मोडणारा. सोय झाली, पण जुन्या साधनाचा समतोल त्या बदलात गेला. कारखान्याच्या दृष्टीने एका मॉडेलची सगळी वेटोळी एकाच दिशेने घेणं सोपं, आणि बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा उजवा हातच असतो.

आज ऑनलाइन किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात जो प्लॅस्टिकचा, चकती फिरवून जोर कमी-जास्त करायचा ग्रिपर मिळतो, त्याला पट्टीचे मल्ल हसतात. पण डाव्या हाताच्या बाबतीत तो अधिक न्याय्य आहे. त्याची स्प्रिंग दोन दांड्यांच्या मध्ये, त्याच पातळीत ताणलेली किंवा दाबलेली असते. बिजागरी साध्या खिळीवर फिरते आणि दोन्ही दांड्या एकाच पातळीत राहतात. आरशातला ग्रिपर आणि हातातला ग्रिपर एकच. त्यावर बोटांसाठी खाचा असतील तर मात्र जपून, कारण खाचा कोणाच्या तरी सरासरी हातावर बेतलेल्या असतात. आणि तळहाताचा फुगवटा एकाच बाजूला कललेला असेल तर तो ग्रिपर पुन्हा उजव्याचाच झाला. दुकानात घेताना दोन्ही हातांत मिटवून पाहावा. पाकीट फोडू न देणाऱ्या दुकानातून ग्रिपर घेऊच नये.

आता हाताकडे वळू, कारण सगळा दोष स्प्रिंगचा नाही. मुठीची ताकद डायनॅमोमीटरने मापतात. जगभर जे जमार नावाचं यंत्र वापरलं जातं त्याची मूठ पाच ठिकाणी लावता येते, साडेतीन सेंटिमीटरपासून पुढे. बहुतेक मापनं दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे सुमारे 4.8 सेंटिमीटरवर घेतात. हे यंत्र ज्या चार्ल्स बेख्टोल यांच्या 1954 च्या लेखामुळे रूढ झालं, त्यांच्याच नावावर 'दहा टक्क्यांचा नियम' सांगितला जातो: सरावाचा हात दुसऱ्या हातापेक्षा साधारण दहा टक्के बळकट असतो. फिजिओथेरपीच्या वर्गांत तो वर्षानुवर्षं शिकवला गेला. 1989 मध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 310 जणांचे हात तपासले आणि नियमात एक मोठं भगदाड सापडलं. उजवखुऱ्यांत उजवा हात सरासरी 12.7 टक्के बळकट निघाला. डावखुऱ्यांत दोन्ही हातांतला फरक जवळजवळ शून्य.

हा निकाल विचार करण्याजोगा आहे. डावखुऱ्यांचा डावा हात कमी पडतो असं नाही. त्यांचा उजवाही तयार झालेला असतो. तो तयार कोण करतं? आजूबाजूच्या वस्तू. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो, आणि दहातल्या नऊ जणांसाठी बनलेल्या वस्तू त्याला रोज हाताळाव्या लागतात. कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकींना घासतात, डाव्या हातात ती फाकतात. स्क्रू घड्याळाच्या दिशेने आवळायचा, म्हणजे उजव्याला मनगट बाहेर वळवायचं आणि डाव्याला आत. बाहेर वळवण्याच्या कामात दंडाचा मोठा स्नायू साथ देतो, त्यामुळे स्क्रू आवळणं उजव्याला सोपं आणि डाव्याला जड. आपल्या घरांत त्यावर आणखी एक थर चढतो. पोरगं डाव्या हाताने जेवायला लागलं की हातावर चापट. प्रसाद उजव्यात घ्यायचा, पैसे उजव्याने द्यायचे, पाटीवर अक्षर उजव्यानेच गिरवायचं. मला ही चापट अन्यायाची वाटते आणि ती आजही अनेक घरांत दिली जाते. तिचा एक परिणाम मुठीत उतरतो: जन्माने डावखुरा असलेला माणूस दोन्ही हातांनी कामाचा होतो, पण त्याला स्वतःला मात्र आपण धड ना डावे ना उजवे असं वाटत राहतं. डावं-उजवं असं सरळ विभागलेलं नसतंच. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने खेळला.

उजवखुऱ्याचा डावा हात तरी कुठे रिकामा असतो? रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड उतरवताना पाहावं. विळा उजव्या हातात, वार एका क्षणाचा. पण घडाचा दांडा आवळून ते ओझं झोका न घेता खाली आणणं हे डाव्या हाताचं काम. कष्टाच्या बहुतेक कामांत हीच वाटणी दिसते: उजवा मारतो, डावा धरून ठेवतो. खलबत्त्यातही तसंच, हातोडी-छिन्नीतही तसंच. म्हणजे डाव्याला मूठ मिटवण्यापेक्षा मिटलेली मूठ टिकवण्याचा सराव जास्त असतो. ग्रिपर नेमकी उलटी परीक्षा घेतो. उघड्या मुठीपासून सुरुवात करून जोराने मिटवायची, आणि मिटली की सोडायची. एखाद्या मजुराचा डावा हात ग्रिपरला हरतो आणि तोच हात पाण्याने भरलेली बादली उजव्यापेक्षा जास्त वेळ धरून उभा राहतो, यात विसंगती काही नाही. दोन वेगळी कामं आहेत.

याच कारणाने तालमीतली जुनी साधनं मला डाव्या हाताची खरी मित्र वाटतात. मुद्गलांची जोडी असते, दोन्ही हातांत सारख्या वजनाची. दोरावर चढताना एक हात वर गेला की दुसऱ्याला अख्खं अंग पेलावंच लागतं, त्यात डाव्याला सूट नाही. मल्लखांब गोल, त्याला डावी-उजवी बाजू नाही. आखाड्याची माती खणताना फावड्याचा हात बदलायची वस्तादांची सक्ती असते. खान्देशात ही परंपरा नुसती आठवणीपुरती उरलेली नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले. कुस्तीत समोरच्याचं मनगट जिथे सापडेल तिथे धरावं लागतं, आपल्या सोयीच्या हाताची वाट पाहता येत नाही. पंजा लढवण्याच्या स्पर्धांनी तर हा प्रश्न नियमातच सोडवला: आंतरराष्ट्रीय स्पर्धांत डाव्या आणि उजव्या हाताच्या लढती वेगळ्या होतात, पदकंही वेगळी. डाव्याचा हिशेब उजव्याच्या मापाने करायचा नाही, हे पंजावाल्यांना केव्हाच उमगलं आहे.

ग्रिपरवर हाच हिशेब कसा बसवायचा? पहिली गोष्ट, दोन्ही हातांची सुरुवात एका जागेवरून करा. खिशातलं एटीएम कार्ड काढा. त्याची आखूड बाजू 54 मिलिमीटरची असते. ग्रिपरच्या स्पर्धांत ती मापाला वापरतात: दुसऱ्या हाताने दांड्या हव्या तेवढ्या जवळ आणून ग्रिपर तळहातात नीट बसवायची मुभा असते, पण मिटवायला सुरुवात करण्याआधी दांड्यांच्या टोकांमधून कार्डाची आखूड बाजू जायला हवी. व्यायामशाळेत बहुतेक मुलं उजव्या हातासाठी ग्रिपर झटकन खोलवर बसवतात, आणि डाव्याच्या वेळी तसाच आडवातिडवा धरून दाबायला लागतात. तिथेच अर्धी लढाई जाते. ग्रिपर डाव्या हातात बसवायला वेळ द्या. तळहाताकडची दांडी अंगठ्याच्या उंचवट्यावर तिरकी न पडता सरळ टेकली पाहिजे, आणि करंगळीचं निदान मधलं पेर दांडीवर आलं पाहिजे. येत नसेल तर ग्रिपर फिरवून दुसरी बाजू तळहाताकडे घ्या. तरीही येत नसेल तर तो ग्रिपर तुमच्या डाव्या हाताचा नाही, मग त्याच्यावर स्वतःला कमी लेखत बसू नये.

सराव डाव्याने सुरू करावा, उमेद ताजी असताना, आणि उजव्याने तेवढ्याच वेळा करून थांबावं. उजवा अजून दहा वेळा मारू शकतो म्हणून मारत बसलं की तफावत वाढतच जाते. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, कारण स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या सावकाश. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली तर तो इशारा समजावा. बोटं उघडणाऱ्या स्नायूंकडे आपण लक्षच देत नाही. पाचही बोटांभोवती जाड रबर बँड घालून पंजा उघडण्याचा व्यायाम ग्रिपरइतकाच गरजेचा आहे. आणि डाव्याला जे येतं ते त्याला करू द्यावं: बीमवर नुसतं लटकणं, बादली उचलून चालणं, ग्रिपर मिटवून तसाच धरून ठेवणं. जळगावच्या मे महिन्यात, पारा 44-45 अंशांवर असताना, गुळगुळीत क्रोमच्या दांड्या घामाने सटकतात. तिथे खरबरीत दांडीचाच ग्रिपर हवा, नाहीतर मूठ हरण्याआधी कातडी हरते.

एक जुना प्रयोग इथे सांगायलाच हवा. 1894 मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीकडून पाऱ्याच्या दाबमापकाला जोडलेला रबरी फुगा रोज फक्त उजव्या हाताने दाबून घेतला. काही दिवसांनी उजव्याची ताकद वाढली, ते अपेक्षितच होतं. पण ज्या डाव्याला हातही लावू दिला नव्हता, त्याचीही ताकद चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली होती. एका माणसावरचा हा आकडा फार मोठा आहे. पुढच्या काळात अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी साधारण आठ ते बारा टक्के भरते. पण परिणाम खरा आहे. ताकद नुसती स्नायूंत साठत नाही. मेंदूची स्नायूंना हुकूम देण्याची पद्धत सुधारते आणि तिचा फायदा दोन्ही बाजूंना मिळतो. याचा खरा उपयोग ग्रिपरच्या शौकिनांपेक्षा हाताला प्लास्टर असलेल्यांना आहे. मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांवर कॅनडात झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चांगल्या हाताने मुठीचा व्यायाम करणाऱ्यांचा मोडलेला हात बाराव्या आठवड्याला इतरांपेक्षा बळकट निघाला. ओट्यापाशी पाय घसरून डावं मनगट मोडलेल्या बाईला घरचे 'आता दोन्ही हातांना आराम दे' म्हणतात. डॉक्टरांना विचारून तिच्या उजव्या हातात मऊ चेंडू किंवा हलका ग्रिपर द्यावा, हे जास्त शहाणपणाचं.

मुठीकडे लक्ष देण्याचं कारण भरतीच्या गुणांपुरतं मर्यादित नाही. 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या मुठी मापल्या होत्या. मुठीची ताकद दर 5 किलोंनी कमी, तसा मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त, असं नातं त्यात दिसलं. ग्रिपर दाबल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. मूठ ही साऱ्या शरीराच्या तब्येतीची खूण आहे, एवढाच आहे. पण खूण वाचायची तर दोन्ही हात मापायला हवेत, आणि मापाचं साधन दोन्ही हातांना सारखं असायला हवं. दवाखान्यातल्या डायनॅमोमीटरला वेटोळ्याची सरक नसते. जिममधल्या ग्रिपरला असते. त्यामुळे ग्रिपरवर डाव्या-उजव्याची तुलना करून कोणी स्वतःचं निदान करू नये. डाव्याची तुलना डाव्याच्या गेल्या महिन्याशीच करावी.

राहता राहिला आरशातला ग्रिपर. तो प्रत्यक्षात बनवणं मुळीच अवघड नाही. स्प्रिंगची तार थंडच गुंडाळली जाते, लेथवर फिरणाऱ्या दांड्याभोवती, आणि वेटोळं उजवं की डावं हे फक्त तार कोणत्या बाजूने सरकवत नेली यावर ठरतं. तार तीच, व्यास तोच, वेटोळे तेवढेच, नंतर ताण घालवण्यासाठी भट्टीत तापवणंही तेच. खर्चात फरक पडायचं कारण नाही. शंभर उजव्या ग्रिपरांबरोबर वीस डावे बनवले तरी कारखान्याचं काही अडत नाही, पण मागणी केल्याशिवाय ते कोणी बनवणार नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे औद्योगिक वसाहती आहेत, लेथ चालवणारे कसबी हात आहेत. एखाद्या व्यायामशाळेने ठरवलं तर स्प्रिंग गुंडाळणाऱ्याकडे आपला ग्रिपर नमुना म्हणून द्यावा आणि कागदावर एवढंच लिहून द्यावं: माप सगळं असंच, गुंडाळी उलटी.